केराबाईने मागून आणलेली पुस्तके

भाविकहो, श्रीसोमगिरी महाराजांचा मुक्काम त्या काळी डोंगरपायथ्याच्या कासारदरी गावी होता. मठ म्हणजे काय, तर चिंचेखाली पत्र्याची एक पडवी. त्याच पडवीत महाराजांनी शाळा बसवली होती. मजुरांची एकवीस मुले तिथे शिकत. मास्तर होते, फळा होता; पुस्तक मात्र एकाही मुलाजवळ नव्हते. तपासनीस साहेब बजावून गेले होते की, पुढच्या भेटीत मुलांच्या हाती पुस्तके दिसली नाहीत तर शाळा बंद करावी लागेल.

हे ऐकून सर्वांत कासावीस झाली ती केराबाई. सुपे-टोपल्या विणून पोट भरणारी ही विधवा. मोतीबिंदूने तिचे दोन्ही डोळे गेले होते. तिची नात चंद्रा नुकती अक्षरे जुळवायला लागली होती. केराबाईने महाराजांना विचारले, पैसे न देता पुस्तके कुठे मिळतील?

महाराज म्हणाले, "ज्यांच्या घरी पडून आहेत, त्यांच्याकडे. मुलांसाठी मागायचं आहे, केराबाई. संकोच करू नकोस."

काठी टेकत केराबाई आठ दिवस गावोगाव फिरली. कुणी म्हणाले, सगळी रद्दीत घातली. कुणी दारच उघडले नाही. शेवटी ती दाजीसाहेब इनामदारांच्या ओसरीवर आली. दाजीसाहेब मोठे व्यासंगी गृहस्थ. त्यांचे काचेचे कपाट ग्रंथांनी भरलेले होते, पण त्यातले पान कुणाला वाचायला मिळत नसे. आंधळ्या बाईने पुस्तके मागावीत याचे त्यांना हसू आले. त्यांनी माळ्यावरून आपल्या मुलांची जुनी शाळेची पुस्तके काढली. वाळवीने ती आतून पार खाल्ली होती. पुठ्ठे तेवढे शाबूत, आत नुसती माती. मोजून एकवीस पुस्तकांचा गठ्ठा त्यांनी आपल्या हाताने सुतळीने बांधला आणि तो तपासनीस साहेबांसमोरच सोडावा, असे केराबाईला निक्षून सांगितले. तिने त्यांना तोंड भरून आशीर्वाद दिला.

मठात आल्यावर तिने गठ्ठा महाराजांपुढे ठेवला. महाराजांनी त्यावर तळहात टेकला आणि क्षणभर डोळे मिटले. मग एवढेच विचारले, ओझे फार झाले का? ती म्हणाली, लेकरांचे आहे, जड कसे वाटेल?

तपासणीच्या दिवशी सारा गाव जमला. गंमत बघायला दाजीसाहेबही येऊन बसले आणि साहेबांना म्हणाले, या बाईंनी काय विद्याधन जमवले आहे ते एकदा बघाच. महाराजांनी चंद्राला गठ्ठा सोडायला सांगितले. मुलांनी एकेक पुस्तक उचलले. चंद्राने पान उघडले, ओळीवर बोट ठेवले आणि अडखळत वाचू लागली. तिच्या शेजारची मुलगी वाचू लागली. मग सगळेच.

दाजीसाहेबांचे हसू जागच्या जागी थिजले. त्यांनी उठून चंद्राच्या हातातले पुस्तक ओढून घेतले. पाने अखंड होती! पहिल्या पानावर त्यांच्या थोरल्या मुलाने लहानपणी शाईने गिरवलेले नाव होते. पुस्तक तेच होते. चार दिवसांपूर्वी याच पुठ्ठ्यातून माती सांडलेली त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती.

महाराज शांतपणे म्हणाले, "पुस्तक तुमचंच आहे, दाजीसाहेब. आता घरची एकदा बघून या."

दाजीसाहेब पायांत जोडा न घालता उन्हातून घरी धावले. त्यांनी कपाट उघडून ग्रंथ बाहेर काढला, तर तो हाताला हलका लागला. उघडताच मातीचा लोट अंगरख्यावर आला. दुसरा काढला, तिसरा काढला. सकाळीच पाहुण्यांना दाखवलेला ग्रंथही आतून पोकळ!

तसेच मातीने माखलेले ते मठात परतले आणि महाराजांच्या पायांवर कोसळले. महाराजांनी पाय मागे घेतले. "ज्यांना फसवलंत, त्या तिथे बसल्या आहेत."

मग सगळ्या गावासमोर दाजीसाहेबांनी आपली करणी सांगितली. केराबाईला यातले काहीच ठाऊक नव्हते. आपण आठ दिवस पायपीट करून मुलांसाठी माती आणली होती, हे ऐकताच ती पांढरीफटक पडली. चंद्राने तिचा हात घट्ट धरला. दाजीसाहेबांचे कपाळ तिच्या पायाला लागले तेव्हा केराबाईने दचकून पाय आखडले. मग तिने हात लांबवून शेजारच्या मुलीचे पुस्तक घेतले आणि त्याची पाने बोटांनी चाचपली.

शेवटी ती म्हणाली, "दाजीसाब, लेकरं वाचायलेत ना? मग झालं. आता पुढच्या वर्गाची पुस्तकं कुठं मिळतेत, तेवढं सांगा."

दाजीसाहेबांनी पुन्हा तिच्या पायांवर डोके ठेवले. या वेळी ते त्यांना लवकर उचलवेना.