हसून हरण्याची रीत

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. मुलांनो, ऐका. आणि मुलांच्या मागे बसून ऐकणारे थोर लोकहो, तुम्ही जरा जास्तच लक्ष देऊन ऐका, कारण ही चूक मुलं करत नाहीत.

एका राज्यात एक रुंद नदी होती. अलीकडच्या तीरावर एक गाव होतं. वैद्य, सुईण, बाजार, सगळं पलीकडे. मध्ये पूल नव्हता. होती ती गोंदा नावाड्याची एकुलती एक होडी. गोंदा कुणालाही कधीही पार करी आणि सुगीला प्रत्येक घर त्याच्या अंगणात धान्य घाली. होडी नावाला गोंदाची होती, पण तिच्यावर सगळं गाव अवलंबून होतं.

घाटाला लागूनच एका मालकाने फासेघर थाटलं होतं. आत गालिचे, अत्तराचा वास, आणि मधोमध एक प्रचंड लाकडी पट. हा पट एकाच खोडातून कोरलेला होता. गुरांना पाणी पाजायच्या डोणीसारखा लांबट, चारी बाजूंनी उंच काठ असलेला. खेळ सोपा होता. खेळाडूंनी ‘चढतं’ किंवा ‘उतरतं’ म्हणून आपापली चीज पटावर लावायची, एकाने दोन फासे फेकायचे. दोन्ही फाशांची बेरीज सात किंवा वर पडली तर चढतंवाल्यांनी घ्यायचं, सातच्या खाली पडली तर उतरतंवाल्यांनी. आणि दोन्ही फासे सारखे पडले, तर ते ‘घरचं दान’. पटावरचं सगळं मालकाचं.

या मालकाने स्वतः कधी एक सुपारीही पटावर लावली नव्हती. हे ध्यानात ठेवा.

एके दिवशी फासेघरातल्या पाहुण्यांना पार करून आल्यावर गोंदा सहज आत डोकावला. त्याची नजर आधी गेली ती पटाच्या लाकडावर. “काय लाकूड हाय!” तो स्वतःशीच म्हणाला. नावाडीच तो, लाकूड बघणारच. मग कुणीतरी थट्टेने फासे त्याच्या हातात दिले. त्याने ओंजळीत घोळवून दोन्ही हातांनी फेकले.

सगळं फासेघर खो खो हसलं.

“अहो, दोन्ही हातांनी फेकतोय! हा काय भाताचा मुटका आहे?”

पुरात होडी सावरणारा तो माणूस, पण त्या हसण्यापुढे त्याने दोन्ही हात पाठीमागे लपवले. कानाच्या पाळ्या तापल्या. इथे मला पहिल्यांदा राग येतो. गोंदाला वल्हं मारताना बघून हे लोक कधी हसले असते का? त्यांना स्वतःला वल्हं धरताही येत नव्हतं, म्हणून कोणी त्यांना हसलं होतं का?

तेवढ्यात एक गोरेगोमटे गृहस्थ पुढे आले. त्यांना सगळे पंतोजी म्हणत. मालकाने त्यांना पगारावर ठेवलं होतं.

“वाईट वाटून घेऊ नका, गोंदाभाऊ,” पंतोजी मधाळ आवाजात म्हणाले. “रीत काय, शिकता येते. मी शिकवतो. एक पै घेणार नाही.”

आणि गोंदा शिकू लागला. फासे एकाच हाताने उचलायचे. मूठ पटाच्या बाहेर न्यायची नाही, नाहीतर फासे बदलल्याचा संशय येतो. फासे समोरच्या काठाला आपटून परत आले पाहिजेत. हातात लांब दांडी घेतलेला डाववाला “डाव बंद” म्हणाला की पटाला बोटसुद्धा लावायचं नाही. दुसऱ्याने काय लावलं ते विचारायचं नाही. आणि सगळ्यात मोठी रीत हरण्याची. हरलं की हसायचं, पटाच्या काठाला कपाळ टेकायचं आणि म्हणायचं, “खेळ देखणा झाला.”

गोंदा मन लावून शिकला. घरी जेवतानाही एका हाताने भाकरी मोडू लागला आणि बायकोलाही टोकू लागला.

“सगुणे, ताट असं आदळू नये. हळू ठेवावं.”

सगुणा त्याच्याकडे बघतच राहिली. “काय ओ, त्या पंतोजीनं तुमाला जिंकायचं कसं ते शिकवलं का?”

“असं इचारायची रीत न्हाई,” गोंदा दुखावून म्हणाला. “लई अडाणी सवाल हाय हा.”

सगुणा ताटं उचलून आत गेली. पण त्या आठवड्यात खुंटीवरचं मासे धरायचं जाळं नाहीसं झालं, तेव्हा तिने ते पाहिलं. मग पितळी घागर गेली. मग तिच्या बापाने दिलेली शेळी गेली. प्रत्येक वेळी गोंदा घरी यायचा तो ताठ मानेने. का माहीत आहे? कारण तो फार सुरेख हरायचा. पंतोजी सगळ्यांना सांगत, “कपाळ टेकावं तर गोंदाभाऊंनी!” त्याला पुढच्या रांगेत लोड मिळाला होता. तिथे बसायला मिळावं म्हणून भले भले धडपडत.

एके दिवशी एका म्हाताऱ्या कासाराची बांगड्यांची सगळी पेटी पटावर होती. फासे काठाला आपटले आणि सारखे पडले. घरचं दान. कासार हसला नाही. तो उठून उभा राहिला आणि ओरडला, “आरं, माझ्या पोरींच्या पोटावर पाय आला! ह्यो कसला खेळ? कुनी सांगंल का मला?”

पहिला पुढे झाला तो आपला गोंदा. त्याने म्हाताऱ्याचा दंड धरला आणि पंतोजींच्याच सुरात म्हणाला, “बाबा, इथं वरडायची रीत न्हाई.” त्याने कासाराला दाराबाहेर नेऊन सोडलं. म्हातारा पायरीवर बसून राहिला, आणि त्या दिवसापासून रोज तिथेच येऊन बसू लागला. आत सगळ्यांनी गोंदाच्या सभ्यतेचं कौतुक केलं.

एका माणसाचं सर्वस्व गेलं आणि लोकांना त्याच्या आवाजाचा त्रास झाला! ही गोष्ट मी कितीदा सांगितली असेल, पण इथे आलो की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

पुढे काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. घरातलं सगळं परत जिंकायचं म्हणून गोंदाने एका दुपारी होडी पणाला लावली. समोर एका व्यापाऱ्याने घोडा लावला. गोंदाने एका हाताने फासे उचलले. मूठ पटाच्या आतच ठेवली. फासे समोरच्या काठाला आपटून परत आले. कुठेही चूक नाही. सगळी रीत तंतोतंत पाळली होती.

फासे सारखे पडले.

होडी मालकाची, घोडाही मालकाचा. व्यापारी हसला. गोंदाही हसला, त्याने कपाळ टेकलं आणि म्हणाला, “खेळ देखणा झाला.” लोकांनी वाहवा केली. मालकाची माणसं तेवढ्यात होडी दाव्यातून सोडवून विकायला नदीने खाली घेऊनही गेली. आणि गोंदा कौतुकाच्या धुंदीत पायऱ्या उतरून घाटावर आला.

घाटावर सगुणा उभी होती. शेजारी गावचा कुंभार हात जोडून उभा होता.

“गोंदा, सुनेला कळा लागल्यात रं. मूल आडवं हाय. सुईणीला आन, बाबा. लवकर.”

गोंदाने रिकाम्या दाव्याकडे पाहिलं. मग त्याच्या तोंडावरचं हसू गेलं. सुईण म्हातारी, तिला पोहून आणता येणार नव्हतं. तो पळत फासेघरात परत गेला. मागोमाग सगुणाही निघाली.

“मालक,” गोंदा धापा टाकत म्हणाला, “एक खेप करू द्या. माणसं मागनं धाडा, होडी परत बोलवा. एका बाईचा जीव चाललाय.”

मालकाने पंतोजींकडे पाहिलं. पंतोजी मंद हसले.

“गोंदाभाऊ, तुम्हीसुद्धा? हरलेली चीज परत मागायची रीत नाही. तुम्हाला तर मी शिकवलंय.”

गोंदाचं कपाळ आपोआप पटाच्या काठाकडे झुकलं. सगळ्या नजरा त्याच्यावर होत्या, आणि त्या नजरांना भिऊन वागायची त्याला सवय लागली होती.

तेव्हा सगुणा पुढे झाली. पायात चिखलाच्या वहाणा, तशीच गालिच्यावरून चालत ती पटापाशी आली. तिने दोन्ही हातांनी फासे उचलले.

“बाई, दोन्ही हातांनी—” पंतोजी म्हणू लागले.

“गप ऱ्हावा,” सगुणा म्हणाली. “मला येक सांगा. फासं सारकं पडलं की समदं तुमच्या घराचं. येगळं पडलं तर?”

“तर खेळाडूंपैकी कुणाचं तरी.”

“म्हंजी तवा तुमचं काय जातं?”

“आमचं? आमचं काय जाणार?”

“मंग तुमचं घर हरतं कवा?”

हा प्रश्न त्या भिंतींनी कधी ऐकलाच नव्हता. पंतोजींचा चेहरा पडला.

“बाई, असा प्रश्न विचारणं शिष्टाचाराला धरून नाही.”

“न्हाईच धरून!” सगुणा कडाडली. “ह्यो सवाल कुनी इचारू ने म्हनून तर तुमी ह्यास्नी रीती शिकवल्या! एका हातानं फेका, हळू बोला, हासून हरा! माझ्या नवऱ्याला तुमी हरायला शिकवलं आणि वर त्याच्याकडनं मान डोलवून घेतली. लाज वाटत न्हाई?”

काही जणांनी मान खाली घातली. काही जण, मी खोटं सांगणार नाही, अजूनही ओठांवर ते शिकवलेलं हसू धरून बसले होते.

गोंदाची नजर पटावर गेली. कित्येक दिवसांत त्याने तो फक्त कपाळ टेकायला पाहिला होता. आता तो पुन्हा नावाड्याच्या डोळ्यांनी पाहत होता. एकाच खोडाचं लाकूड. उंच काठ. सांधा नाही, फट नाही. त्याच्यात चार माणसं सहज मावतील.

तो दारापाशी गेला. पायरीवर कासार रोजच्यासारखा बसला होता. गोंदाने त्याचे पाय धरले.

“बाबा, त्या दिशी वरडायला पायजे हुतं मीबी. चुकलं माझं. आता हात लावा.”

म्हाताऱ्याने त्याला पायांवरून उठवलं. मग उठला, आत आला आणि त्याने पटाचं एक टोक धरलं. मग व्यापारी उठला. मग आणखी एक, मग सगळी पुढची रांग. मालक ओरडला, पहारेकरी धावले, पण पहारेकरी मूठभर आणि हरलेली माणसं घरभर. गालिच्यावर फासे सांडले. पट खांद्यांवर चढला आणि पायऱ्या उतरून नदीत पडला. तो तरंगला. गोंदाने डाववाल्याच्या हातातली लांब दांडी हिसकावून घेतली आणि पाण्यात रोवली.

सुईण त्या पटात बसून आली. कुंभाराची सून वाचली, मूलही वाचलं.

मालक दरबारात फिर्याद घेऊन गेला नाही. गेला असता तर राजाने सगळ्यांसमोर तोच प्रश्न विचारला असता, आणि तिथे पंतोजींची रीत चालली नसती. फासेघरात पुढे जो येई तो आधी दारातच विचारी, “घर हरतं कधी?” थोड्याच दिवसांत मालकाने आपला गाशा गुंडाळला. पंतोजी दुसऱ्या कुठल्या तरी गावी रीती शिकवायला गेले असतील. ते अजून शिकवत असतील, याची मला खात्री आहे.

गोंदाची मूळ होडी काही परत मिळाली नाही. तो जन्मभर त्या पटातूनच लोकांना पार करत राहिला. पट जड होता, वळायला त्रास द्यायचा. पण त्याच्यात बसणाऱ्याने मोठ्याने बोलावं, हवं ते विचारावं, गोंदा कधी कुणाला गप्प करत नसे.

तात्पर्य : जिथे हरण्याची रीत फुकट शिकवतात आणि प्रश्न विचारण्याला असभ्यपणा म्हणतात, तिथे ती रीत लुटणाऱ्याच्याच सोयीची असते.