उकळलेल्या मुखपट्ट्या

एकदा एक शिष्य आपल्या गुरूवर मनापासून चिडला. चिडण्यासारखे घडलेही होते. गुरूंनी, म्हणजे गावातल्या वृद्ध वैद्यबुवांनी, भर दुपारी येऊन शिष्याने पेटवलेल्या चुलीवर घागरभर पाणी ओतले होते, आणि तेही एक शब्द न बोलता.

झाले होते ते असे. त्या गावात मिरची कांडण्याचा मोठा कारखाना होता. चाळीस बाया दिवसभर डंकापाशी, म्हणजे कांडणयंत्रापाशी, बसत. मिरचीची धूळ नाकातोंडात जाऊ नये म्हणून मालकाने त्यांना पातळ निळ्या मुखपट्ट्या आणून दिल्या होत्या, सकाळी बांधायच्या आणि संध्याकाळी फेकायच्या. मालकाचा हेतू वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. पण रोज चाळीस म्हणजे चाळीस! वाऱ्याने त्या ओढ्यात गेल्या, मोरीच्या तोंडाशी अडकल्या, आणि एका सकाळी तुंबलेले पाणी खालच्या वस्तीत शिरले. याच बायांची घरे तिथे होती.

शिष्याने निश्चय केला, की ही फेकायची पट्टी गावातून घालवीन. तो तडक मालकाकडे गेला. मालक म्हणाला, "कापडी पट्ट्या महिनाभर चालवून दाखवा. बायांचा खोकला वाढला, तर माझी निळ्या पट्ट्यांची खोकी परत येतील. मग मला शहाणपण शिकवायला यायचं नाही."

शिष्य पेटून उठला. निश्चयी माणूस चांगलाच, पण त्याच्या हाती काडेपेटी देऊ नये असे मला नेहमी वाटते. त्याने नवे कोरे सुती कापड आणून माणशी दहा पट्ट्या शिवून घेतल्या. दर दोन तासांनी पट्टी बदलायची आणि मळलेल्या सगळ्या उकळून काढायच्या, असा दंडक घातला. मोठे पातेले चढले. बाभळीच्या लाकडांचा ढीग रचला गेला. विहिरीवरून हंड्यामागून हंडे आले. आणि पहिली उकळी फुटताच मिरचीची वाफ अशी उठली, की अख्खी गल्ली खोकत बाहेर आली! आगीतून निघाले आणि फुफाट्यात पडले, अशी त्या बायांची गत. आता त्यांच्याबरोबर त्यांची पोरेबाळेही ठसकू लागली. तरी शिष्य हटेना. सात दिवस हे चालले, आणि आठव्या दिवशी गुरूंनी चूल विझवली.

"गुरुजी, हे काय केलंत?" शिष्याचा आवाज चढला. "उद्या या बायांनी तोंडाला काय बांधायचं? मालक खोकी घेऊन टपूनच बसलाय!"

"द्रुपदाक्काला विचार," गुरू म्हणाले.

द्रुपदाक्का त्या चाळीस जणींत सर्वांत जुनी. मुखपट्ट्या येण्याआधी वीस वर्षे तिने तोंडाला पदर बांधून मिरची कांडली होती.

"काय विचारू?"

"पदर कसा धुता, एवढंच."

दोघे डंकापाशी गेले. शिष्याने विचारताच द्रुपदाक्का खदखदून हसली. "आवं धाकलं वैद्य, मिरची उकळली की रस्सा हुतो, धुणं हुत न्हाई! वाऱ्याकडं पाठ करायची आन् कापड कोरडंच दगडावर चार डाव झटकायचं. निम्मी मिरची तितंच जाती. मग घरचं धुणं झालं की शेवटाला त्याच बादलीत साबण लावायचा, तांब्याभर पाण्यानं खळबळायचं, आन् उन्हात टाकायचं. झालं की."

"अक्का, मग हे पहिल्या दिवशीच का नाही सांगितलंत?"

"तुमी इचारलं कुटं?"

शिष्याला लाज वाटली. त्याची मान खाली गेलेली पाहून गुरूंचा स्वर मऊ झाला.

"अरे, निळ्या पट्टीचं पाप ओढ्यात साचलेलं दिसलं, म्हणून तू तिच्यावर उठलास. योग्यच केलंस. पण तुझ्या पातेल्याचं पाप धूर होऊन वर गेलं, ते तुला दिसलं नाही. कापूस शेतात पाणी पितो, सूत गिरणीत वीज खातं. कापडी पट्टी जन्माला येतानाच पृथ्वीकडून पुष्कळ काही घेऊन येते. तिनं ते फेडायचं कसं? पुन्हा पुन्हा बांधली जाऊन. चार वेळा बांधून पेटीत पडली, किंवा धुण्यासाठी रोज एक झाड जळू लागलं, तर त्यापेक्षा निळी परवडली! माणशी दोन पुरतात. एक तोंडावर, एक दोरीवर. बाकीच्या आठ ही तुझी हौस."

"पण साथीच्या रोग्याला तपासताना तुम्ही स्वतः निळीच बांधता, गुरुजी."

"बांधतो. उद्याही बांधीन, आणि दवाखान्याच्या कचऱ्यात नीट बंद करून टाकीन. एकाचा रोग दुसऱ्याला जाऊ नये, इतकं तिचं काम मोठं आहे. गरजेला फेकायची वस्तू वापरावी. सवयीला वापरू नये."

पुढचे तीन आठवडे शिष्य रोज बायांबरोबर दगडापाशी उभा राहून पट्ट्या झटकू लागला. जास्तीच्या पट्ट्या पुढच्या गरजेसाठी पेटीत गेल्या. लाकडांचा ढीग होता तिथेच राहिला आणि गल्लीतला ठसका थांबला.

महिना भरला तसा मालक आला, तो काखेत खोके घेऊनच. त्याने डंकांमधून फेरी मारली, कान देऊन ऐकले. कुणी खोकत नव्हते. तेवढ्यात द्रुपदाक्काच्या पट्टीचा बंद तटकन तुटला.

"बघा!" मालकाने लगेच खोके उघडले. "टाका ती चिंधी. ही घ्या नवी."

सगळ्या बाया शिष्याकडे पाहू लागल्या. त्याचा हात आपसूक जास्तीच्या पट्ट्यांच्या पेटीकडे गेला, आणि तिथेच थांबला.

"अक्का, सुई आहे?"

"सुई कुटली? पोती शिवायचं दाभण हाय."

मिरचीच्या पोत्यावर बसून शिष्य त्या जाडजूड दाभणाने बंद शिवू लागला. दाभण बोटात घुसले. मिरचीचे बोट ते! तो कळवळला, डोळ्यांत पाणी आले, पण टाका पुरा केला. द्रुपदाक्काने पट्टी बांधली, बंद ओढून पाहिला आणि डंक चालू केला.

मालकाने खोके मिटले. "राहू द्या तुमचंच," एवढे बोलून तो निघून गेला.

गुरूंनी शिष्याचे बोट हातात घेतले. "फार झोंबतंय का रे?"

"झोंबतंय, गुरुजी," शिष्य म्हणाला. "पण आता बारीक सुई आणायला हवी. वापरातल्या अजून एकोणऐंशी पट्ट्यांचे बंद तुटायचे आहेत."