कोल्देर्बाचा रिकामा घोडा

टेका इथं, दम खा. वर जाणारा प्रत्येक जण इथंच दम खातो, त्यात लाजायचं काही कारण नाही. आणि हा समोर उभा आहे तो घोडा. दगडाचा आहे, पण नीट बघा: लगाम आहे, खोगीर आहे, रिकीबसुद्धा आहे, फक्त स्वार नाही. पाहुणे लोक आले की पहिला प्रश्न हाच विचारतात, स्वार चोरीला गेला का म्हणून. चोरीला कसला जातोय! उतरून गेला तो.

आता जरा हात लावून बघा. खोगिरामागची ही जागा केवढी गुळगुळीत झालीय. टोपल्यांनी झालीय ती. पाठीवर टोपली घेतलेलं माणूस इथं उलटं वळून उभं राहिलं, की टोपलीचं बूड बरोब्बर घोड्याच्या पाठीवर टेकतं. खांद्यावरचे पट्टे काढायला नकोत, टोपली उतरवायला नको, आणि घटकाभर ओझं कमी होतं. हे एवढंसं सुख आमच्या या कोल्देर्बाच्या डोंगराला कुठून मिळालं, त्याची एक गोष्ट सांगतात. खरी की खोटी ते मला विचारू नका. मी माझ्या आजीकडून ऐकली, तिनं तिच्या आजीकडून.

फार जुना काळ. डोंगर तेव्हाही असाच होता. दगडाचा बांध, बांधाआड हातभर माती, मातीत द्राक्षाचे वेल. त्यावर पुन्हा बांध, पुन्हा माती, अशा पायऱ्या थेट वरपर्यंत. या डोंगरावर आधी नुसते दगड होते म्हणतात. माती सगळी माणसांनी वाहून आणली. आणि दर चार-दोन वर्षांनी मोठा पाऊस यायचा, बांध फोडायचा आणि ती सगळी माती खाली ओढ्यात नेऊन टाकायचा. मग बायका पाठीला टोपल्या लावायच्या आणि तीच माती पुन्हा वर चढवायच्या. आजीनं वाहिलेली माती आईनं वाहायची, आईनं वाहिलेली लेकीनं.

एवढं करून जमीन मात्र त्यांची नव्हतीच. ती खालच्या शहरातल्या मालकाची. पिकलं त्यातलं अर्धं मालकाच्या घरी जायचं. आणि कुळाचं वर्ष संपायचं संत मार्तीनोच्या दिवशी, अकरा नोव्हेंबरला. त्या दिवशी मालकाचा कारभारी घोडीवरून यायचा, शेत बघायचा आणि मान हलवायचा. उभी हलवली तर आणखी एक वर्ष राहायचं. आडवी हलवली तर त्याच दिवशी गाडीत भांडी, कोंबड्या, म्हातारीकोतारी माणसं भरायची आणि नवं दार शोधत निघायचं. आमच्याकडे अजूनही कुणी घर बदललं की 'मार्तीनो केला' असंच म्हणतात.

संत मार्तीनो म्हणजे कोण, ते ठाऊक असेलच. कडाक्याच्या थंडीत उघडा भिकारी दिसला म्हणून ज्यानं आपला झगा तलवारीनं कापला आणि अर्धा त्याला देऊन टाकला, तो. त्याचाच हा पुतळा होता. उरलेला अर्धा झगा खांद्यावर घेऊन तो इथं घोड्यावर बसलेला असायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघत राहायचा.

त्या काळी डोंगराच्या अगदी वरच्या टोकाला आसुन्ता नावाची बाई राहायची. एका खोलीचं घर, तीन पायऱ्यांचं शेत, चाळीस वेल. मूलबाळ नाही. नवरा एर्मिनिओ. तो उन्हाळ्यात दलदलीच्या मुलखात गहू कापायला गेला आणि मजुरीबरोबर ताप घेऊन परत आला. द्राक्षं उतरली तोवर त्याला चुलीजवळून उठणंही होईना. चेस्टनटच्या पिठाची लापशी आसुन्ता त्याला भरवायची, ती दोन घासांच्या पुढे जायची नाही.

अशात ऑक्टोबर सरता सरता नऊ दिवस पाऊस लागला. थांबला तेव्हा आसुन्ताच्या तिन्ही पायऱ्या धुऊन निघाल्या होत्या. वेल उभे होते, पण मुळं उघडी पडली होती.

कारभारी आला, बघून गेला. तो वाईट माणूस नव्हता म्हणे, त्यालाही वर मालक होताच. दारातूनच म्हणाला, "मार्तीनोच्या दिवशी येतो. मुळं उघडी दिसली तर माझा इलाज नाही, बाई. गाडी सांगून ठेव."

एर्मिनिओनं ते ऐकलं. कारभारी गेल्यावर तो म्हणाला, "आसुन्ता, मी काही आता वसंत बघत नाही. ते मला कळतंय, तुलाही कळतंय. पण मला गाडीत मरायला लावू नकोस. या भिंतीकडे बघत जाऊ दे. ही माझ्या हातची आहे."

"गप पडून राहा," आसुन्ता म्हणाली. "गाडीबिडी काही येत नाही." आणि तिनं टोपली उचलली. हातात अकरा दिवस होते.

आता या टोपलीची एक गोष्ट लक्षात घ्या, म्हणजे पुढचं कळेल. भरलेली टोपली वाटेत खाली ठेवायची नाही, हा इथला पहिला धडा. खाली ओढ्यावर ती भरायची, एकमेकींच्या मदतीनं पाठीवर चढवायची, आणि मग वर पोचून रिती करेपर्यंत उतरवायची नाही. मातीनं भरलेली टोपली जमिनीवरून एकटीला पाठीवर घेताच येत नाही. म्हणून बायका थांबायच्या नाहीत. थांबल्या की गुडघे थरथरायला लागतात, आणि थरथरणारे गुडघे पुन्हा चालू होत नाहीत.

सहाव्या दिवशी आसुन्तानं ती चूक केली. इथंच, या घोड्यापाशी. तिला वाटलं, नुसतं एवढंसं टेकावं. टोपली खाली ठेवली, बसली, आणि बसल्यावर कळलं की आता ती उचलणं आपल्या बापालाही होणार नाही. तेवढ्यात मागून तिची शेजारीण जेल्सोमिना आली, पाठीवर स्वतःची टोपली घेऊन.

"जेल्सोमिना, जरा हात दे ग."

जेल्सोमिना थांबली नाही. मान खाली घालून म्हणाली, "थांबले तर मीच पडेन, बाई. माझ्याही दोन पायऱ्या उघड्या आहेत." आणि पुढे गेली. तिचं तरी काय चुकलं? गावातल्या प्रत्येक बाईची तीच गत होती. पण आसुन्ताला ते लागलं. तिनं अर्धी माती वाटेवर ओतली, उरलेली उचलली आणि गेली. जाताना रडली म्हणतात. माती सांडल्याचं रडू होतं ते, माणसांचं नव्हतं, असं ती नंतर सांगायची. माझा काही त्यावर विश्वास नाही.

येता-जाता संताशी बोलायची सवय तिला लागली ती त्याच दिवसापासून. आधी ती म्हणायची, "संता, पाऊस येऊ देऊ नकोस." मग म्हणायला लागली, "संता, पायात बळ दे." पुढे पुढे मागणंच आटलं. खालून वर येताना ती त्याच्याकडे नुसती बघायची, आणि तो वरून तिच्याकडे.

मार्तीनोचा आदला दिवस उजाडला. आठ वेल अजून उघडे होते. सकाळपासून आभाळ भरून आलेलं. आसुन्ताच्या खांद्यांवर पट्ट्यांनी कातडं सोललं होतं, तिथं तिनं जुन्या परकराच्या चिंध्या बांधल्या होत्या. दुपार कलली आणि ती या वळणावर आली. इथं तिच्या अंगातलं त्राण संपलं. रडू नाही, राग नाही, काही नाही. नुसती उभी राहिली, आणि अकरा दिवसांत पहिल्यांदा तिला वाटलं की येऊ दे गाडी. मग तिला एर्मिनिओची भिंत आठवली.

तिनं मान वर केली आणि संताला चांगलं खडसावलं. "उतर की खाली! दिवसभर बसूनच तर असतोस. अर्धा झगा घेऊन मी काय करू? मला कपडे नकोत. मला एक पाठ पाहिजे, एका दुपारपुरती. नसेल जमत तर निदान घोडा तरी दे!"

असं म्हणून ती वळली आणि टोपलीसकट घोड्याला टेकली. टोपलीचं बूड घोड्याच्या पाठीवर बसलं, खांदे सुटले, आणि उभ्या उभ्या तिचा डोळा लागला.

किती वेळ गेला कोण जाणे. जाग आली ती पाठीला गारठा लागला म्हणून. टोपली पाठीवर नव्हती. पट्टे कुणी सोडले, कसे सोडले, तिला काही कळलं नाही. तिनं वर बघितलं, तर खोगीर रिकामं.

ती पडत-धडपडत वर गेली. तिसऱ्या पायरीवर पोचली आणि बघते तर आठही वेलांच्या बुडाशी माती. नुसती ओतलेली नाही, पायांनी नीट दाबलेली. ओढ्यापासून वरपर्यंत पावलांची ओळ उमटली होती, गेलेली आणि आलेली, गेलेली आणि आलेली, कितीतरी वेळा. शेवटच्या पावलांत तर टाच घासल्याच्या रेघा होत्या.

आणि बांधाच्या टोकाला तो बसला होता. जोडे काढून ठेवलेले. खांद्यावरचा अर्धा झगा पट्ट्यांनी फाटलेला, खाली रक्त. दोन्ही हात गुडघ्यांमध्ये सैल सोडलेले. दिवसभर टोपल्या वाहिलेली बाई जशी बसते, अगदी तसा बसला होता तो.

आता इथं पाहुणे मला नेहमी विचारतात, आणि तुम्हीही विचाराल. घर तर वाचलंच होतं. संत समोर बसलाय, प्रत्यक्ष. मग नवऱ्याचा ताप उतरव, एवढं तिनं मागितलं का नाही?

मागायलाच गेली होती ती. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात त्यानं तिला पाहिलं. आणि पाहिल्याबरोबर गुडघ्यावर हात दाबून तो उठायला लागला. आपल्याकडे माणूस येतंय म्हणजे काहीतरी मागायलाच येतंय, हे त्याला सवयीनं ठाऊक होतं. उठताना त्याचे गुडघे थरथरले. ते थरथरणं आसुन्ताला ओळखीचं होतं. बाकी जगात काही कळत नसेल तिला, पण ते कळत होतं.

ती म्हणाली, "बस, बस. उठू नकोस."

आणि डोक्यावरचा लोकरी रुमाल काढून तिनं त्याच्या सोललेल्या खांद्यांवर टाकला. मग ती घरात गेली, चूल फुंकली आणि एर्मिनिओला लापशी दिली. त्या दिवशी त्यानं चार घास खाल्ले म्हणतात.

दुसऱ्या दिवशी कारभारी आला. वेल बघितले, माती पायानं दाबून बघितली आणि मान उभी हलवली. गाडी आली नाही. एर्मिनिओ फेब्रुवारीत गेला. आपल्या खाटेवर, भिंतीकडे तोंड करून. आसुन्ता त्याच्या पायाशी बसली होती. तिनं मागितलं असतं तर तो जगला असता का, याचा विचार तिनं उरलेलं सगळं आयुष्य केला असणार. मी तिच्या जागी असतो तर मागितलं असतं, सरळ सांगतो. माझी बायको म्हणते, तू कधी टोपली वाहिली नाहीस म्हणून असं बोलतोस.

रिकामा घोडा गावानं त्याच मार्तीनोच्या सकाळी बघितला. सगळे जमले. कुणी म्हणालं चोर, कुणी म्हणालं वीज. जेल्सोमिना मात्र ओढ्यापासून आसुन्ताच्या शेतापर्यंत उमटलेली पावलं बघून आली होती. ती म्हणाली, "आपल्यापैकी कुणी हात दिला नाही, म्हणून त्याला उतरावं लागलं." सगळ्यांच्या माना खाली गेल्या. मग ती ओढ्यावर गेली, टोपली भरून आणली, या घोड्याच्या पाठीवर ठेवली आणि मोकळ्या हातांनी बाजूला उभी राहिली. मागून येणारी बाई क्षणभर गोंधळली. मग तिनं आपली टोपली इथं टेकवली, जेल्सोमिनाची पाठीवर घेतली आणि गेली. जेल्सोमिनानं तिची घेतली.

आजही मार्तीनोच्या आदल्या दिवशी सगळं गाव ओढ्यावरून एकेक टोपली माती वर आणतं. मालक गेले, कुळं गेली, निम्मी शेतं ओस पडली, तरी आणतं. इथं घोड्यापाशी प्रत्येक जण आपली टोपली ठेवतो आणि आधीच्याची उचलतो. आभार कुणी मानायचे नाहीत. कुणाची माती कुणाच्या वेलाला गेली, हे विचारायचंही नाही. आणि ज्या घरात आजारपण असेल, त्या घरच्या शेतात पहिली टोपली पडते.

आणि वर, आसुन्ताच्या बांधाच्या टोकाला, एक दगड आहे. झिजलाय पार, पण माणूस खाली बसल्यासारखा दिसतो, खांदे उतरलेले. तो घोड्यावर परत का चढला नाही? चढायला बळच उरलं नव्हतं, असं सांगतात. आता दम खाऊन झाला असेल तर चला, दाखवतो. फक्त एक सांभाळा. खाली चर्चमधल्या सगळ्या संतांकडे लोक काही ना काही मागतात, तुम्हीही खुशाल मागा. वर गेल्यावर मात्र काही मागू नका. त्याच्या समोरून जाताना आजही इथला प्रत्येक जण त्याच्या खांद्यावर हात ठेवतो आणि एवढंच म्हणतो, "बस, बस. उठू नकोस."