पूजेबाहेर राहिलेली ग्लू गन

कऱ्हाडच्या अलीकडं, ओढ्याकाठच्या एका गावात त्र्यंबक नावाचा पंखे आणि मिक्सर दुरुस्त करणारा एक माणूस राहत होता. हाताला गुण होता, स्वभावाला घाई होती. म्हातारपणी त्यानं शाळेची एक जुनी मिनीबस विकत घेतली आणि तिचं फिरतं घर करायला घेतलं. आतल्या सीटा काढल्या, पलंग केला, ओटा केला. गावातली माणसं येता-जाता म्हणायची, "काय त्र्यंबककाका, विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर?" काका हसायचा आणि कामाला लागायचा.

हे घर होतं त्याच्या बायकोसाठी, इंदुमतीसाठी. तिची धाकटी बहीण गुहागरला समुद्राकाठी दिलेली. इंदुमतीचे गुडघे गेल्यापासून एस.टी.च्या सीटवर तासन् तास बसणं तिला जमेना, त्यामुळं बहिणींची भेट राहूनच गेली होती. पलंगावर पाय पसरून जाता येईल, असं त्र्यंबकनं तिला सांगितलं. इंदुमती घाबरट खरी, पण मनात ओढ मोठी. तिनं दोनच गोष्टी मागितल्या. झोपल्यावर वर आभाळ दिसेल अशी खिडकी, आणि उशाशी बरण्या ठेवायला एक फळी.

"आणि एक ऐका," ती म्हणाली. "वाटेत हे घर मोडलं, तर मी मिळेल त्या एस.टी.नं माघारी येईन. मग ही गाडी विकायची. पुन्हा नाव काढायचं नाही."

"दगडासारखं पक्कं करतो," त्र्यंबक म्हणाला. दसऱ्याला सीमोल्लंघन करायचं ठरलं, आणि ते त्यानं सगळ्या गावाला सांगूनही टाकलं.

आता बघा गंमत. त्र्यंबककडं एक ग्लू गन होती. प्लगला लावायची, मागून गोंदाची कांडी सरकवायची, चाप ओढला की पुढून गरम गोंद येतो आणि गार होताच चिकटून बसतो. वाट बघणं नाही, घासणं नाही, काही नाही. अहो, त्या गड्याला वेडच लागलं! पडद्याची झालर चिकटवली, दिव्यांच्या तारा चिकटवल्या, दारावर झेंडूचं प्लॅस्टिकचं तोरण चिकटवलं. हलकी कामं, छान झाली. पण मोठी कामं, वरची खिडकी आणि उशाची फळी, ती उद्यावर गेली. उद्याला परवा भेटला, आणि बघता बघता खंडेनवमी दारात आली.

खंडेनवमीला हत्यारं पूजेला मांडायची आणि दसऱ्याची पूजा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, ही त्या घरातली रीत. सकाळी इंदुमतीनं पाटावर पक्कड, पान्हे, ड्रिल, खरवडणी, स्क्रू ड्रायव्हर सगळं मांडलं. हळदीकुंकू वाहिलं. मग ग्लू गन उचलून विचारलं, "हीसुद्धा ठेवू ना?"

"छे! ते काय हत्यार आहे? खेळणं आहे ते," त्र्यंबक म्हणाला. "राहू दे बाहेर."

संध्याकाळी त्याच्या लक्षात आलं, खिडकी अजून नुसती छतावर ठेवलेली आहे आणि फळी नुसती टेकवलेली आहे.  खिडकी कशी बसवायची, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पत्रा खरवडून गंज काढायचा, पुसायचा, मग गाडीच्या काचा बसवतात तो काळा सीलंट भरायचा आणि एक दिवस, एक रात्र गाडी जागची हलवायची नाही. सीलंटची नळी महिनाभर कपाटात तशीच पडून होती, टोपणही न उघडलेली. फळीला तर स्क्रूच हवे होते. पण हत्यारं पूजेत, आणि निघायचं उद्या. दोन दिवसांनी निघू म्हणावं, तर गाव हसेल. बाहेर राहिली होती ती एकटी ग्लू गन.

ऊन उतरलं होतं. पत्रा गार झाला होता. त्र्यंबकनं गरम गोंदाच्या जाड रेघा ओढल्या, खिडकी दाबली, फळी दाबली. ओढून पाहिलं. हलेना! 'गुहागरला गेल्यावर पक्कं करू,' त्यानं मनाला समजावलं.

"झालं का हो पक्कं?" इंदुमतीनं दारातून विचारलं.

"झालं," तो म्हणाला. हा एवढा एक शब्द त्याला जड गेला, पण गेला.

दसऱ्याला पूजा झाली. हत्यारं कुंकवासकट पेटीत गेली, सीलंटची नळीही तिच्यातच टाकली आणि पेटी गाडीत गेली. गाडीला हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि बिऱ्हाड निघालं. इंदुमती पलंगावर आडवी होऊन वरचं आभाळ बघत होती. "अगंबाई, घार दिसली!" ती लहान मुलीसारखी ओरडली. त्र्यंबकला इतकं बरं वाटलं, की गोंदाची गोष्ट तो विसरूनच गेला.

पण ऑक्टोबरचं ऊन कुणाला विसरत नाही. दुपारी पाटणच्या पुढं नदीकाठी ती दोघं झाडाखाली जेवायला बसली. गाडी उन्हात उभी, काचा बंद. आत भट्टी झाली. जेवून निघाले आणि पहिल्याच खड्ड्याला धाडकन् आवाज झाला. उशाची फळी खाली आली. बहिणीसाठी आणलेली लिंबाच्या लोणच्याची बरणी फुटली आणि चादरीवर सगळा खार सांडला. फळीच्या कडेला गोंदाचे दोरे लोंबत होते, गुळाच्या पाकासारखे.

त्र्यंबकनं मान खाली घातली. आता ही एस.टी. शोधणार! पण इंदुमतीनं बोटाला लागलेलं लोणचं चाटलं आणि हसली. "मुरलं होतं हो छान. जाऊ दे. फळीच ती, पडली. याला काही घर मोडणं म्हणत नाहीत."

सुटलो, असं त्र्यंबकला वाटलं. त्यानं गाडी पुढं काढली. पण जीव काही भांड्यात पडेना. फळी ज्या गोंदानं धरली होती, त्याच गोंदानं वरची खिडकी धरली होती, आणि तिच्यावर तर सकाळपासून ऊन होतं. पुढं घाट, घाटात वारा. बोलावं, तर बायकोनं आत्ताच दिलेली माफी जाईल. गाडी जाईल, बहिणींची भेट जाईल. न बोलावं, तर कदाचित काहीच होणार नाही. कदाचित!

त्यानं आरशात पाहिलं. मागं मोटरसायकलवर नवरा-बायको येत होते. बाईच्या मांडीवर झेंडूच्या फुलांची पिशवी होती. डोक्यावर नुसता पदर.

त्र्यंबकनं गाडी कडेला घेतली. "इंदू," तो म्हणाला, "वरची खिडकीही मी त्याच गोंदानं चिकटवलीय. काल तुला झालं म्हणालो, ते झालं नव्हतं. घाटात उडाली, तर कुणाचा तरी जीव घेईल."

 इंदुमतीनं पिशवी उचलली, काठी घेतली आणि हळूहळू खाली उतरून रस्त्याच्या कडेला उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. त्र्यंबकनं तिला अडवलं नाही. कुठल्या तोंडानं अडवणार? तो पेटी घेऊन छतावर चढला. खिडकीला हात लावला, तर ती लोण्यातून सुरी निघावी तशी निघून आली. त्यानं खरवडणी काढली. तिच्यावर अजून सकाळचं कुंकू होतं.

तेवढ्यात कऱ्हाडकडं जाणारी एस.टी. आली. इंदुमतीला पाहून ड्रायव्हरनं गाडी थांबवली. कंडक्टर म्हणाला, "चला आजी, जागा आहे."

इंदुमतीनं छताकडं पाहिलं. पांढऱ्या केसांचा तिचा नवरा भर उन्हात तापलेल्या पत्र्यावर गुडघे टेकून गंज खरवडत होता.

"जा बाबा तू," ती कंडक्टरला म्हणाली. "आमची गाडी आहे."

एस.टी. गेली. इंदुमती झाडाखाली टेकली आणि वर बघून म्हणाली, "मोडलेलं मी चालवून घेतलं असतं हो. पण तुमच्या 'झालं'वर मी डोळे मिटून झोपले होते." त्र्यंबकच्या हातातली खरवडणी थांबली. "चुकलो इंदू," तो म्हणाला. "हं," ती म्हणाली. "आता सांगा, खरं चिकटवायला किती वेळ लागतो?"

"उद्या या वेळेपर्यंत हलता येणार नाही."

"मग नाही हलायचं. सीमा तर आपण सकाळीच ओलांडली. आणि बहिणीला सोनं उद्या दिलं काय, परवा दिलं काय, आपट्याचं पान थोडंच शिळं होतंय!"

खिडकी बसली, सीलंट भरला, फळीला स्क्रू लागले. रस्त्यानं जाणारे विचारायचे, "बंद पडली का गाडी?" इंदुमती ठसक्यात सांगायची, "नाही, वाळतेय."

दुसऱ्या दिवशी घाटात परतीच्या पावसानं गाठलं. वारा असा, की झाडं आडवी होत होती. इंदुमती पलंगावर उताणी पडून खिडकीवर फुटणारे थेंब बघत राहिली. आत एक टिपूसही आला नाही. संध्याकाळी दोघी बहिणी गळ्यात गळा घालून रडल्या आणि फुटलेल्या लोणच्यावर पोट दुखेपर्यंत हसल्या.

पुढच्या खंडेनवमीला त्र्यंबकनं स्वतः पाट मांडला. पान्ह्यांशेजारी ग्लू गन ठेवली आणि तिला हळदीकुंकू वाहिलं.

"आता झालं का हो हे हत्यार?" इंदुमतीनं विचारलं.

"ते आधीही होतंच," तो म्हणाला. "झालर अजून पडली नाही त्याची. मीच त्याला नको ते काम सांगितलं."

तात्पर्य: ज्या जोडाला जेवढा वेळ लागतो, तेवढा द्यावाच लागतो, कारण घाईचा जोड ऊन लागेपर्यंतच टिकतो. आणि चूक झालीच, तर ती दुसऱ्याच्या डोक्यावर पडण्याआधी आपल्या तोंडानं सांगावी.