झेंडूचा अर्धा हार

फार मागे, सह्याद्रीतल्या एका शिकाऱ्याच्या घरी दोन रायफली शेजारी शेजारी टांगलेल्या असत. जाड नळीची थोरली गव्यासाठी, बारीक नळीची चिमी नेमबाजीसाठी.

"तुझ्या गोळीनं गव्याला खाजसुद्धा सुटायची नाही," थोरली म्हणे.

"आणि तुमच्या धक्क्यानं चालवणाराच आडवा होतो, आजीबाई," चिमी म्हणे.

त्या वर्षी एक जखमी गवा पिसाळला आणि त्याने पाणवठ्यावर दोघांना तुडवले. शिकाऱ्याची नजर अधू झालेली, म्हणून त्याच्या लेकीने, सगुणाने, थोरली उचलली. थोरली खूश झाली. पण धक्क्याच्या धास्तीने सगुणा चाप ओढण्याआधीच डोळे मिटून घेई. सरावासाठी मांडलेले एकही मडके फुटेना. थोरली मनात चरकली. गव्यापुढे पोरीने असेच डोळे मिटले तर ती काही घरी परतायची नाही.

सगुणाने तिला खुंटीला अडकवले आणि चिमीला घेतले. गाव लांबच्या झऱ्यावरून पाणी आणत राहिले, आणि इकडे रोज मडकी फुटू लागली. डोळे उघडे राहू लागले तेव्हा सगुणाने पुन्हा थोरली उचलली. गवा एका गोळीत पडला.

खंडेनवमीला थोरलीच्या गळ्यात झेंडूचा हार पडला.

"चिमे, जवळ सरक."

"कशाला? टोमणा राहिला का एखादा?"

"गवा माझ्या गोळीनं पडला. पण पोरीचे डोळे तू उघडे ठेवलेस, म्हणून ती घरी आली."

थोरली जराशी कलली आणि अर्धा हार चिमीच्या नळीवर उतरला.