ठकूबायचं कोपर

घाटाला तेव्हा डांबर नव्हतं. ओझ्याच्या बैलांच्या खुरांनी पाडलेली एक वाट होती आणि त्या वाटेवर ऊनझरे नावाचं गाव होतं. याला वर्षं किती झाली ते सांगणारं कुणी उरलेलं नाही. जे कानावरून कानावर आलं, तेवढंच खरं धरायचं.

ऊनझऱ्याला देवानं दोन पाणी दिली. एक कड्यावरून कोसळणारं, अंगावर घेतलं की दात वाजवणारं. दुसरं जमिनीतून वर येणारं, ऊन. इतकं ऊन, की फडक्यात तांदूळ बांधून सोडले तर पानं मांडून होईपर्यंत भात तयार. त्या ऊन झऱ्याभोवती दगडी कुंड बांधलेलं होतं, आणि कुंडावर सत्ता होती ठकूबायची.

ठकूबाय जोगळ्यांच्या घरातली, तरुणपणीच कपाळ पांढरं झालेली. माहेरी परत गेली नाही, कुणाच्या दारात उभी राहिली नाही. कुंडाची राखण घेतली आणि ती अशी केली, की घाटावरचे सरदारसुद्धा तिच्यापुढे जोडे काढून उभे राहत. सांधे धरलेले, कंबर मोडलेले, अंगाला खरूज झालेले, सगळे तिच्याकडे येत. कुणी नुसती मजा म्हणूनही येत. त्यांना ती म्हणे, "तुम्ही बसा त्या आंब्याखाली. ज्याला दुखतंय तो आधी न्हाईल. तुमचं काय दुखतंय? जीभ?"

मग ती पदर खोचे, कुंडाशी बसे आणि उजवं कोपर पाण्यात बुडवे. डोळे मिटून थोडा वेळ तशीच राही. वाफ दोन बाजूंना सरकून तिला वाट देई, असं म्हणतात. मग ती म्हणे, "या." माणूस उतरे आणि पाणी असं लागे, जसं आईनं न्हाऊ घालावं. लोक म्हणत, ठकूबायच्या कोपरात देवी आहे. ती कोपर लावते आणि आग निवते.

आता खरं ऐका. कोपरात काही नव्हतं. धबधब्याच्या पायथ्यापासून एक पाट करवंदीच्या जाळीतून, वर फरश्या टाकून, झाकून आणलेला होता. तो कुंडाच्या तळाशी उघडायचा. वरच्या तोंडाशी एक दगड आणि चिखलाचा लपका. तो किती सरकवायचा ते ठकूबायला बरोबर ठाऊक. कोपर बुडवायचं ते फक्त पाणी अंगाला सोसेल का ते बघायला. ऊनझऱ्यातल्या बायकांना हे माहीत होतं, घाटावरच्यांना नव्हतं. ठकूबायनं कुणाला खोटं सांगितलं नाही. खरंही सांगितलं नाही. पाया पडणाऱ्याला कोण उठवतं?

महिन्यातून एक दिवस, अमावास्येला, पाट बंद असे. त्यातला पाला, गाळ, खेकड्यांची बिळं, सगळं काढायचं असे. त्या दिवशी कुंडात निव्वळ उकळी. ठकूबाय सांगे, "आज देवी स्वतः न्हातेय. आज कुणी हात लावायचा नाही." एवढंच सांगे.

अशाच एका अमावास्येला, सूर्य डोक्यावर असताना, घाटावरून एक माणूस उतरला. मायाप्पा लोहार त्याचं नाव. पाठीला घोंगडं बांधलेलं आणि घोंगड्यात बायको, बाळव्वा. तिचे हातपाय आखडले होते, बोटं मुठीतच मिटून बसली होती. तीन दिवस त्यानं तिला तशी पाठीवरून आणली होती.

"मावशे, हिला पाण्यात सोड," मायाप्पा म्हणाला.

"आज नाय. आज देवीचा दिस. उद्या या."

"तीन दिस चाललोय गं."

"मग चौथा बस. मी तुझ्यासाठी देवीला पाण्यातनं उठवू?"

घोंगड्यातून बाळव्वा हसली. "ऱ्हाऊ द्या की. एवढी वर्सं थांबले, एक दिस काय? माझं एकच हाय बघा मावशी, एकदा माझ्या हातानं भाकरी थापायचीय. हे करतात ती भाकरी नव्हं, नाल हाय नाल. बैलालाच ठोकावी."

ठकूबायलाही हसू आलं. तेव्हा तिच्या ओठांवर शब्द आला होता, असं म्हणतात. पाणी भाजेल, आज पाट बंद आहे, हे पाच-सहा शब्द. पण ते बोललं की कोपराचं गुपित उघडं पडणार होतं. सरदार जोडे काढायचे ते कोपराला, पाटाला नव्हे. शब्द तिनं गिळला. "आंब्याखाली बसा," म्हणाली आणि कुदळ घेऊन पाट साफ करायला वर गेली.

मायाप्पानं आजवर ऐकलं होतं ते एवढंच, की ऊनझऱ्याचं पाणी लोण्यासारखं. देवी न्हातेय तर तिच्याच पाण्यात बायको न्हाली, तर गुण दुप्पट येईल, असं त्याच्या भोळ्या मनाला वाटलं. त्यानं पाण्यात हात घालून बघितलं. लोहाराचा हात तो. तापल्या लोखंडानं जळून जळून तळवा टाचेसारखा झालेला. त्याला पाणी ऊन लागलं, पण बेताचंच. "बरं हाय," तो म्हणाला आणि बाळव्वाला त्यानं आत सोडलं.

ठकूबाय वर धबधब्यापाशी होती. तिथं शेजारचं माणूस ओरडलं तरी ऐकू येत नाही. पण त्या दिवशी ते पाणी पडता-पडता मुकं झालं, असं म्हणतात. धार दिसत होती आणि आवाज नव्हता. त्या शांततेत बाळव्वाची किंकाळी कड्यापर्यंत आली. ठकूबायनं हातातल्या कुदळीनं दगड फोडून पाट मोकळा केला आणि करवंदीत अंग फाडून घेत खाली पळाली. पण थंड पाणी तिच्याआधी पोचलं नाही, आणि तीही वेळेवर पोचली नाही.

बाळव्वा दोन दिवस जगली. ठकूबायनं तिला आपल्या घरात केळीच्या पानांवर निजवली, वारा घातला, तूप लावलं. मायाप्पा उंबऱ्यात बसून आपल्या हातांकडे बघत होता. "ह्या हातांनी, मावशे," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होता. तेव्हा ठकूबायनं त्याला सगळं सांगितलं. पाट, दगड, अमावास्या. "तुझ्या हातानं नाय रे. माझ्या तोंडानं."

तो तिसऱ्या दिवशी रिकामं घोंगडं पाठीला बांधून घाट चढून गेला. एक शिवी घातली असती तर बरं झालं असतं, असं ठकूबाय मरेपर्यंत म्हणायची.

त्या दिवसापासून तिच्या कोपराला ऊन कळेना आणि थंडही कळेना. उकळत्या पाण्यात धरलं तरी लाकूड. म्हणून तिला विचारावं लागू लागलं. जन्मात कुणाला काही न विचारलेली बाई, पण दुखणेकऱ्याचा पाय आधी पाण्याला टेकवून विचारायची, "सोसतंय का? खरं सांग." येणाऱ्या प्रत्येकाला ती पाटाचं तोंड दाखवायला वर नेई. "हे बघा. माझ्यात काही नाय. ह्याच्यात आहे." तर लोक काय करत? पाटाला हळदकुंकू वाहत आणि पुन्हा तिच्याच पाया पडत. केवढी थोर, म्हणत, मोठेपणसुद्धा नको म्हणते. खरं सांगितलं तरी ती सुटली नाही. ती गेली तेव्हा ऊन पाणी तेरा दिवस गार वाहत होतं, असं म्हणतात.

आता वर लॉज झालेत. शनिवार-रविवार गाड्यांची रांग लागते, लोक धबधब्यात भिजतात, फोटो काढतात, कुंडात पाय सोडून भजी खातात. खाऊ देत. पण तिथं पाय घालायच्या आधी ऊनझऱ्याची कुणी ना कुणी बाई येऊन सांगतेच, "पाणी ऊन आहे, पाट वरून येतो, सोसतंय का बघा." पोरं हसतात. बाई उत्तर मिळेपर्यंत हलत नाही.

आणि अमावास्येला पाट बंद करत नाहीत. गाळ बायका वाहत्या पाण्यातच उभ्या राहून काढतात, हात गारठले तरी. त्या दिवशी कुंडात कुणालाच उतरू देत नाहीत, कितीही मोठा साहेब असो. पाणी अंगाला सोसेल असं करून कुंड तसंच राखून ठेवतात. सूर्य डोक्यावर आला, की एक बाई खिंडीत जाऊन घाटाकडे तोंड करते आणि हाक मारते, "कुणी यायचं ऱ्हायलंय का गो?"

तीनदा हाक मारते. मग बसते. कुणी येत नाही. सावली लांब होईपर्यंत ती तिथंच बसून असते आणि खाली पाणी तयार असतं.