कसरीचं नवं घर

खूप वर्षं झाली या गोष्टीला. पुस्तकं कुरतडून जगणाऱ्या एका कसरीला पिल्लं होणार होती, म्हणून ती नि तिचा नवरा नवं घर शोधत होते. आधीच्या घरात पुस्तकांचा नुसता पसारा होता. कुणी ना कुणी सारखी पानं उलटायचं, नि या दोघांना जीव मुठीत धरून पळावं लागायचं.

शोधता शोधता ती दोघं मृणालताईंच्या दिवाणखान्यात आली. तिथल्या कपाटात पुस्तकं रंगांप्रमाणे लावली होती, मधूनमधून फुलदाण्या मांडल्या होत्या.

"अगं, इथे रोज फडकं फिरतं. आपली धडगत नाही," नवरा घाबरून म्हणाला.

"फडकं वरवर फिरतं हो. आत कोण डोकावतं ते आधी पाहू," कसर म्हणाली.

दोघं फळीच्या फटीत दडून राहिली. एक दिवस मृणालताईंची मैत्रीण आली. तिने निळ्या रांगेतलं एक पुस्तक ओढलं.

"अय्या, किती वर्षांनी दिसलं हे! नेऊ का गं वाचायला?"

कसर फटीत आणखी आत सरकली.

"नको गं, रांगेत खाच दिसेल," म्हणत मृणालताईंनी पुस्तक पुन्हा जागेवर नीट बसवलं.

कसरीने सुटकेचा निःश्वास टाकला. "चला हो आत," ती नवऱ्याला म्हणाली, "सात पिढ्यांची काळजी मिटली."